फड्या निवडुंगाची चौथी जात

पीएचडीचा विषय मी निवडला असं म्हटलं तर ते खोटं होईल. तो उरला होता, म्हणून मला मिळाला. कराडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून मला तेव्हा चौदा वर्षं झाली होती आणि पीएचडी नसल्यामुळं बढती अडली होती. औषधी वनस्पती एका सहकारी बाईंनी घेतल्या होत्या, पठारावरची फुलं दुसऱ्या कुणी, गवतं तिसऱ्यानं. माझे मार्गदर्शक सर टेबलावरचे कागद उचकटत म्हणाले, "फड्या निवडुंगावर सातारा-सांगलीत कुणी धड काम केलेलं नाही. तुम्ही करा."

कुणी का केलं नाही, हे विचारायचं मला सुचलं नाही. पुढच्या पाच वर्षांत ते आपोआप कळलं.

पहिली अडचण नावाची. आपल्याकडं काटा असला आणि पान नसलं की त्याला निवडुंग म्हणतात. मी गावोगाव फिरून "निवडुंग कुठं आहे का?" विचारायची आणि लोक मोठ्या हौसेनं मला भलतंच दाखवायचे. मेढ्याच्या वर एका वाडीत एका आजोबांनी मला तासभर डोंगर चढवला. वर जाऊन पाहते तर तीन धारांचा, कांडीसारखा उभा निवडुंग. मी चाकूनं जरा टोचलं, पांढरा चीक भळाभळा वाहिला. चीक आला की ते झाड माझ्या कामाचं नाही. त्याचा आणि फड्या निवडुंगाचा काहीच संबंध नाही, घराणीच वेगळी. पण एवढा डोंगर चढवून आणलेल्या माणसाला हे सांगायचं कसं? मी फोटो काढला, आभार मानले आणि घसरत घसरत खाली आले.

जत तालुक्यातल्या एका गावात तर वेगळंच झालं. "निवडुंगाच्या जाती शोधतेय," असं मी चावडीपुढं बसलेल्या माणसांना सांगितलं. त्यांतल्या एकाला फक्त 'जाती' एवढंच ऐकू गेलं असावं. तो उठून म्हणाला, "बाई, सर्वे मागच्या म्हयन्यातच झालाय. आमी समदी म्हायती दिल्याली हाय." त्याची समजूत काढण्यात अर्धा तास गेला.

माझं माहेर सांगलीजवळचं. आमचं घर जैन शेतकऱ्याचं, ऊस आणि हळदीचं. लहानपणी आमच्या मळ्याच्या एका बाजूला फड्या निवडुंगाचं कुंपण होतं, पण ते केव्हाच गेलं होतं. पहिल्या वर्षी मी दोन्ही हातांना पट्ट्या बांधून माहेरी गेले तेव्हा आई मला भरवत होती. चाळीस ओलांडलेल्या बाईला आई घास भरवतेय, हे बघून वहिनी हसत होती. आई मात्र चिडली होती. "एवढं शिकलीस आणि शेवटी काट्यातच गेलीस," ती म्हणाली. "दुसरं झाड नव्हतं काय गं?"

काट्यांचं मला काही वाटत नाही. काटा दिसतो, बोचतो, काढला की जातो. फड्या निवडुंगाची खरी खोड आहे त्याच्या कुसळात. त्याच्या चपट्या, पानासारख्या दिसणाऱ्या प्रत्येक फड्यावर ठिपके असतात आणि त्या ठिपक्यांतून काटे निघतात. त्या काट्यांच्या बुडाशी केसांपेक्षा बारीक कुसळांचा झुबका असतो. हात नुसता जवळ गेला तरी ती अंगात शिरतात. दिसत नाहीत. दोन दिवस हात धुतला की चुरचुरतं, कणिक मळताना चुरचुरतं, स्कूटरची मूठ धरली की चुरचुरतं. चामड्याचे हातमोजे घातले तर कुसळं मोज्यांत जाऊन बसतात आणि पुढच्या वेळी आतून टोचतात. माझे यजमान इंजिनिअर. त्यांनी चिकटपट्टी लावून ओढायची युक्ती काढली. निम्मी निघायची. उरलेली निम्मी ते चष्मा कपाळावर चढवून चिमट्यानं काढत बसायचे आणि मी ओरडले की म्हणायचे, "विषय बदलून मिळत नाही का?"

आणि बिनकाट्याचा म्हणून जो निवडुंग सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागात चाऱ्यासाठी वाटतात, त्यालाही ती कुसळं असतातच. त्याचे फडे परातीएवढे, निळसर हिरवे, गुळगुळीत दिसणारे. मी बिनधास्त हात फिरवला आणि आठवडाभर पेन धरता आलं नाही.

दोन वर्षं फिरून माझ्या हाती तीन जाती लागल्या. एक हा चाऱ्याचा. दुसरी, नदीकडच्या आणि जतच्या बाजूला थोडी सापडणारी, चपटे वाकडे पिवळे काटे आणि लख्ख पिवळं फूल असलेली. तिसरी म्हणजे आपला नेहमीचा फड्या निवडुंग, माण-खटावच्या माळावर, ओढ्याकाठी, स्मशानाच्या कडेला सगळीकडं माजलेला. त्याचं फूल सकाळी पिवळसर उमलतं, दुपारनंतर नारिंगी होतं, कोमेजताना लाल. आतले केसर लालसर. बोंडं जांभळी, फोडली की गर रक्तासारखा. या फुलानं मला फार छळलं. सकाळी पाहणारा माणूस पिवळं सांगायचा, संध्याकाळी पाहणारा तांबडं, आणि दोघंही खरं बोलत असायचे.

नमुने वाळवायचे म्हणजे आणखी एक ताप. बाकीच्यांची पानं-फुलं वर्तमानपत्रात दाबली की पंधरा दिवसांत कागदासारखी होतात. निवडुंगाचा फडा पाण्यानं भरलेला असतो, तो वाळत नाही आणि मरतही नाही. तो मधून चिरायचा, चमच्यानं गर खरवडायचा, मीठ लावायचं आणि मग दाबायचा. हे मला तीन महिन्यांनी कळलं. तोवर मी न चिरता दाबलेले नमुने कपाटात ठेवले होते. एक दिवस गठ्ठा उघडला तर एका फड्याला वर्तमानपत्राच्या घडीतून हिरवा कोंब आला होता. दुसरा कुजून गेला होता. त्याच्या पाण्यानं शेजारचे सहा नमुने गेले. जतजवळचा जो पिवळ्या फुलांचा पट्टा मी खुणा करून ठेवला होता, तो पुन्हा पाहायला गेले तर सगळा पांढऱ्या कापसानं माखलेला. तो कापूस म्हणजे किडा. बोटानं चिरडला की गर्द लाल रंग येतो. रंगासाठी म्हणून फार पूर्वी हे किडे आपल्या देशात आणले होते. आता त्यांनी माझा पट्टा खाऊन टाकला होता.

अशा अवस्थेत मला हवालदार भेटले.

ते वडूजच्या पुढं, माणच्या बाजूच्या एका वस्तीवर राहायचे. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण गावात सगळे त्यांना हवालदारच म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. उंच, सरळ पाठीचे, पांढऱ्या मिशांचे. मी बसथांब्यावर चौकशी करत होते तेव्हा ते पुढं येऊन म्हणाले, "मॅडम, कंचा पायजे? चीक येनारा का बोंडाचा?"

दोन वर्षांत मला असा प्रश्न विचारणारा हा पहिला माणूस. मला बरं वाटलं, एवढंच सांगते.

त्यांच्या रानात विहीर होती आणि विहिरीच्या मागच्या बांधावर फड्या निवडुंगाचं जुनं कुंपण. एका टोकाला माळाचं ऊन, दुसरं टोक विहिरीजवळच्या चिंचेखाली. उन्हातलं टोक नेहमीचंच होतं. पण चिंचेखाली गेले आणि थबकले. तिथले फडे गोल नव्हते, वीतभर लांब आणि अरुंद होते, जिभेसारखे. रंग फिकट. आणि काटे जवळजवळ नाहीतच. कुठं एखादा, तोही बारीक. झाड माणसापेक्षा उंच वाढलेलं.

"हे कुणी लावलं?" मी विचारलं.

"ते म्हाईत न्हाई. माज्या आज्याच्या येळेपासनं हाय."

"आणि फूल कसलं येतं?"

"ह्याला कवा ध्यान देऊन बगितलंय, मॅडम. येत आसंल."

मी बसून राहिले. ही आपल्या तीन जातींतली नव्हती. बागेत लावतात ती एक गुळगुळीत, अरुंद फड्यांची जात असते, तिचं फूल गुलाबी आणि मिटलेलं. ती असेल तर इथं बांधावर कशी आली? किंवा दोन जातींचा संकर असेल. किंवा कुणी नोंदवलंच नसेल असं काही. माझ्या डोक्यात त्या दिवशी जे काही आलं ते सगळं लिहायला आता लाज वाटते.

पण फुलाशिवाय काहीच सांगता येत नव्हतं, आणि फुलं उन्हाळ्यात.

तेव्हा हवालदारांनी मला सांगितलं, की हे कुंपण दिवाळीनंतर काढायचं ठरलंय. बांधापलीकडं त्यांच्या धाकट्या भावाचं रान. निवडुंग त्याच्या बाजूला दोन-तीन हात सरकला होता. जेसीबी सांगायचा, सगळं उपटायचं आणि तारेचं कुंपण घालायचं, असं दोघा भावांचं बोलणं झालं होतं.

मी म्हटलं, "एक उन्हाळा थांबाल का? फूल बघेपर्यंत."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "एक उन्हाळाच का?"

"एकच."

"मग थांबतो की. त्यात काय."

किती सहज मागितलं मी ते. आणि किती सहज त्यांनी दिलं.

जाताना मी तीन फडे कापून घेतले, घरच्या गच्चीवर लावायला. ते फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "लगीच लावू नका हां. पंधरा दिस सावलीत पडू द्या. जखम वाळली की लावा, न्हाईतर कुजतंय." मी हसून मान डोलावली. मी वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका. घरी आल्यावर मात्र मला धीर निघाला नाही, चौथ्या दिवशीच लावले आणि वर पाणीही घातलं. तिन्ही कुजले.

तो पहिला उन्हाळा वाया गेला. मार्च ते मे म्हणजे आमच्याकडं परीक्षा, मग पेपर तपासणी. सुट्टी मागितली तर प्राचार्य म्हणाले, "बाई, निवडुंग कुठं पळून जातोय का?" हवालदारांनी फोन केला, "मॅडम, फुललंय." मी म्हटलं फोटो पाठवा. त्यांनी पाठवला तो संध्याकाळी काढलेला, हललेला. एक लालसर डाग आणि त्यामागं त्यांच्या सदऱ्याची बाही. मी पुन्हा फोन केला. सकाळी काढा म्हटलं. सकाळी त्यांना तालुक्याला जावं लागलं. दुसऱ्या दिवशी फूल मिटलेलं. तिसऱ्या दिवशी मी पेपरचा गठ्ठा तसाच ठेवून निघाले, पुसेसावळीच्या पुढं एसटी बंद पडली, आणि पोचले तेव्हा चिंचेखाली हिरवी बोंडं होती, फूल एकही नव्हतं.

मी बांधावर बसून रडले. खरंच रडले. हवालदारांच्या मंडळींनी, म्हणजे काकूंनी, मला पाणी दिलं. हवालदार जरा लांब उभे राहिले. मग म्हणाले, "पुढच्या सालाला बगू की."

मी थांबा म्हटलंच नाही. त्यांनीच म्हटलं, आणि मी ते घेतलं.

त्या वर्षी त्यांनी आणखी एक काम केलं, जे मी सांगितलं नव्हतं. शाळेची जुनी वही घेऊन ते दर रविवारी बांधावर जायचे आणि प्रत्येक ठिपक्यातले काटे मोजायचे. उन्हातले अलग, सावलीतले अलग. मी गेले की वही पुढं करायचे. "उनातलं चार, पाच, चार, सा. चिंचंखालचं शून्य, एक, शून्य, शून्य." मी फडेही नव्यानं नेले, या वेळी पंधरा दिवस पलंगाखाली सावलीत ठेवले आणि मग गच्चीवर लावले, भर उन्हात. ते लागले.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मी आधीच रजा टाकली होती. पहाटेची एसटी पकडून वस्तीवर पोचले तेव्हा सात वाजले होते. हवालदार घरी नव्हते, दूध घालायला गेले होते. काकू अंगणात भांडी घासत होत्या. मी थेट विहिरीकडं निघाले तर त्यांनी हाक मारली.

"ताई, त्या बाजूनं जावा. दिरांच्या रानातनं नको."

"का हो? नेहमी तिकडूनच जाते मी."

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग हात धुऊन माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांनी तुमाला सांगू नको म्हनलंय. पर तुमी जाताय तिकडं, कुनीतरी बोलंल."

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. धाकट्या दिरांची एक कालवड होती, अजून न व्यालेली. पिकलेल्या बोंडांची तिला चव लागली होती. दावं तोडून ती बांधावर गेली, उन्हातल्या टोकाला बोंडासाठी तोंड घातलं आणि काटा डोळ्यात गेला. तोंडात कुसळं भरली ती वेगळीच. चार दिवस तिनं वैरणीला तोंड लावलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, डोळा नाही वाचला. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद होतं. विहिरीचं पाणी पाळीनं घ्यायचे तेसुद्धा आता न बोलता. जाऊबाई हळदीकुंकवालाही आल्या नव्हत्या.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"त्ये म्हनले, मॅडमचं शिक्शान आडंल."

मी विहिरीकडं गेले. चिंचेखाली सात फुलं उमलली होती, नुकतीच, पिवळसर. मी एक तोडलं, खाली बसून ब्लेडनं उभं चिरलं आणि भिंग लावलं. आतले केसर लालसर. मधोमध हिरवट दांडी. बाहेरच्या पाकळ्यांवर तांबूस छटा. मी दुसरं तोडलं. तिसरं तोडलं. मग उन्हातल्या टोकाचं एक आणलं आणि शेजारी ठेवलं.

दोन्ही एकच होती. केसभरसुद्धा फरक नव्हता.

दुपारी तीन वाजेपर्यंत मी तिथं बसले. दोन्ही फुलं माझ्या डोळ्यांदेखत सारखीच नारिंगी होत गेली.

तरीही मी स्वतःला समजावत होते, की फडे वेगळे आहेत, काटे नाहीत. चार महिन्यांनी तेही मिटलं. गच्चीवरच्या फड्यांना नवे फडे फुटून वाढले होते. लांबट, बिनकाट्याच्या जुन्या फड्यावर गोल, जाड, चांगले चार-चार काट्यांचे नवे फडे. भर उन्हात त्यानं आपलं खरं रूप दाखवलं होतं. सावलीत आणि विहिरीच्या ओलीत तो उन्हाकडं लांबत गेला होता आणि काटे काढायचं विसरला होता, एवढंच. चौथी जात नव्हतीच. यजमानांना मी गच्चीवर बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे काम झालं की." मी त्यांच्यावर इतकी चिडले की दोन दिवस नीट बोलले नाही.

सरांनी अहवाल वाचला आणि खूश झाले. "उत्तम. सावलीमुळं होणारा बदल, एक परिच्छेद लिहा. लोक अशा ठिकाणी उगाच नवी जात जाहीर करतात, तुम्ही केली नाहीत."

एक परिच्छेद. दोन उन्हाळे, कुजलेले तीन फडे, वहीभर काटे आणि एक डोळा.

हवालदारांना सांगायला मी गेले तेव्हा ते बाजेवर बसले होते. मी सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे आमचाच हाय व्हय?"

"हो. तुमचाच."

"सावलीला ऱ्हाऊन ऐदी झालता." ते हसले. मला हसू आलं नाही.

मी म्हटलं, "मला कालवडीचं कळलंय."

त्यांचं हसणं गेलं. काकूंकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "जाऊ द्या. जनावर हाय. चुकून झालं."

"तुम्ही मला फोन केला असता तर मी त्याच दिवशी काढा म्हटलं असतं."

"आसं कसं. शबुद दिला होता."

मला त्या शब्दाचा राग आला. त्यांचाही आला. कुणी मागितला होता शब्द एवढा? मी एका उन्हाळ्याबद्दल विचारलं होतं, आणि या माणसानं सख्ख्या भावाशी बोलणं तोडून तो पाळला होता. पण रागावून करणार काय, दुसरा उन्हाळा देऊ केला तेव्हा नको म्हणायचं तोंड माझंच होतं. मी म्हटलं नव्हतं.

मी बांध ओलांडून धाकट्या भावाकडं गेले. तो गोठ्यात होता. कालवड आता गाभण होती, चांगली भरलेली. आंधळ्या डोळ्याच्या बाजूनं मी गेले तर ती दचकून सरकली. मी दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"माझ्यामुळं झालं हे," मी म्हटलं. "मीच थांबा म्हटलं होतं."

त्यानं शेणाचं घमेलं खाली ठेवलं. "तुमचा काय दोस, बाई. तुमी इचारलंत. त्याला न्हाई म्हनता येत न्हाई, लहानपनापासनंच." हात सदऱ्याला पुसत त्यानं विचारलं, "मग घावलं का काय?"

"नाही. नेहमीचाच निघाला."

त्यानं कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला. "म्हंजे हिचा डोळा फुकाट ग्येला."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. त्यानं घमेलं उचललं आणि उकिरड्याकडं गेला.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कुंपण काढलं. चाऱ्याची टंचाई होती, ओला चारा कुठंच नव्हता, म्हणून जेसीबी न सांगता कोयत्यानंच काढायचं ठरलं. फड्यांवरचे काटे जाळून जनावरांना घालता येतात, हे हवालदारांना वडिलांकडून माहीत होतं. मी रजा काढून गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. हवालदार कापत होते, मी लांब सांडशीनं फडा धरून जाळावर फिरवत होते. काटे चरचर जळतात, कुसळांची ठिणगी उडते, आणि फडा भाजलेल्या वांग्यासारखा काळपट होतो. मग तो थंड करून काकू विळीवर तुकडे करायच्या आणि कडब्यात मिसळायच्या. नुसता घातला तर जनावर पातळ हागतं.

दहा वाजता बांधाच्या पलीकडून कोयत्याचा आवाज यायला लागला. धाकटा भाऊ आपल्या बाजूनं कापत होता. दोघांच्या मध्ये निवडुंगाची भिंत होती, ती कमी होत गेली तसे ते एकमेकांना दिसायला लागले. बोलले नाहीत. दुपारी धाकट्यानं कापलेल्या फड्यांचा ढीग आमच्या जाळाजवळ आणून टाकला आणि मला म्हणाला, "ह्ये बी भाजा. तिला घालायचंय." मी भाजले. कुसळ एकही राहू नये म्हणून प्रत्येक फडा दोनदा फिरवला. माझ्या बोटांना फोड आले.

कालवडीनं ते खाल्ले. हवालदार कोयता खांद्यावर टाकून थोड्या अंतरावरून बघत होते. भावानं त्यांच्याकडं न बघता विचारलं, "कडबा हाय का तुज्याकडं अजून?"

"हाय की चार पेंड्या."

"दोन दे."

बाकी मला काही ऐकू आलं नाही. पुढं त्यांचं पूर्वीसारखं झालं का, ते मला माहीत नाही. काकूंना फोनवर विचारलं तर त्या म्हणतात, "चाललंय."

प्रबंध पूर्ण झाला. काट्यांबद्दलच्या प्रकरणात मी लिहिलं होतं, की या कुंपणामुळं एका कालवडीचा डोळा गेला, आणि त्याला अभ्यासासाठी लांबवलेली तोडणीही कारण होती. सरांनी त्यावर लाल रेघ मारली. "हे शास्त्रीय निरीक्षण नाही," ते म्हणाले. मी पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी वाद घातला. मी म्हटलं, मी ते जनावर डोळ्यांनी पाहिलंय, याहून जास्त निरीक्षण काय असतं? ते म्हणाले, "बाई, अजून एक परीक्षक बाकी आहे. कशाला अडकता?" आणि मी अडकले नाही. छापील प्रतीत आता एवढंच आहे, की काटे व कुसळे यांमुळे चरणाऱ्या जनावरांना इजा होण्याची शक्यता असते.

ती प्रत मी हवालदारांना नेऊन दिली. इंग्रजीतली, जाडजूड. त्यांनी ती काकूंच्या शिलाई मशीनवर ठेवली, वरून धूळ बसू नये म्हणून टॉवेल टाकला आणि चहा सांगितला. मी तिथं बसून चहा प्यायले आणि ते पान उघडून दाखवायचं टाळलं.